परक्या मालकीचा डोंगर

रत्नागिरीकडच्या आमच्या गावामागे एक लहानसा डोंगर आहे. चढायला अर्धा तास पुरतो. माथ्यावर जांभ्या दगडाचा सपाट सडा. तिथून खाडीचं वळण, ओळीने लागलेल्या होड्या, मशिदीचा मिनार आणि आभाळ स्वच्छ असेल तर दूर समुद्राची रेघ दिसते. पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या जराशा मातीतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. आखातातून रजेवर आलेली आमची मुलं एकदा तरी वर जाऊन बसतात.

हा डोंगर सरकारचा नाही, गावाचाही नाही. सातबाऱ्यावर एकाच कुटुंबाचं नाव होतं आणि वाट त्यांच्या अंगणातून जायची. "काका, वर जाऊन येतो," एवढं आम्ही म्हणायचो. "जा, पण बेडं लावून घ्या, गुरं शिरतील," असं उत्तर यायचं. आमच्या तीन पिढ्या एवढ्या दोन वाक्यांवर डोंगर चढल्या.

काकांच्या मागे जमीन विकली गेली. नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. राखणीला गावातलाच मुलगा ठेवला. तो म्हणतो, "चाचा, तुम्हाला अडवताना जीव तुटतो, पण माझी रोजी जाईल." त्याच्याशी काय भांडायचं?

आमच्या वकील भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामू, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात २० वर्षांच्या वहिवाटीला किंमत आहे. पण ती वहिवाट हक्काने केलेली हवी. तुम्ही तर दर वेळी परवानगी मागत होता. परवानगीने चालणाऱ्याचा हक्क तयार होत नाही."

म्हणजे आमची अदब आमच्याच आड आली! तरीही परवानगी मागितल्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. कोकणात आपल्यातही खोत होते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पण त्याआधी आमच्या वाडवडिलांच्या जमिनीतून जाताना इतरांना मान खाली घालावी लागत होती. कुंपणाच्या दोन्ही बाजू आपण पाहिल्या आहेत.

इंग्लंडात २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार किंडर स्काउट या खाजगी डोंगरावर बंदी मोडून चढले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे २००० साली तिथे कायदा झाला आणि नकाशावर नोंदलेल्या मोकळ्या डोंगरमाळांवर पायी फिरण्याचा हक्क लोकांना मिळाला. मालकी मालकाचीच राहिली.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण गावनकाशा आहे आणि त्यात पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. आम्ही ती मागितली आहे. आमची वाट त्यात निघाली तर दाद मागायला आधार मिळेल. नाही निघाली तर नव्या मालकाच्या दारात जाऊन पुन्हा तेच दोन शब्द बोलू. मात्र ज्यांच्या गावची वाट अजून मोकळी आहे, त्यांनी कुलूप पडायची वाट पाहू नये. काका हयात आहेत तोवरच नकाशा काढून बघावा.