जवळची वाट

शिळ्या पोळीचा कुस्करा आपण साऱ्यांनीच आवडीने खाल्ला आहे. शिळ्या पावाचीही तशीच सोय जगाने फार पूर्वी लावून ठेवली. अपिकियस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींच्या संग्रहात पाव दुधात भिजवून, तेलात तळून, वर मध घालण्याची कृती आढळते. अंड्याचा तिथे उल्लेखही नाही. फ्रान्समध्ये या पदार्थाला 'वाया गेलेला पाव' अशा अर्थाचे नाव मिळाले, तर पोर्तुगालमध्ये तो नाताळचे पक्वान्न होऊन बसला. आपल्याकडे मात्र फ्रेंच टोस्ट म्हटले की अंडे आलेच. आणि अंडे आले की बडोद्याच्या आमच्या घरात सीमारेषा आली.

सासूबाईंच्या ओट्यावर अंड्याला मज्जाव होता. मुलांच्या हट्टापायी मागील दारी वेगळी शेगडी आणि वेगळा तवा आला. त्यावरून भांडण कधी झाले नाही. पण रविवारी सकाळी नातवंडे मागच्या पायरीवर आणि आजी स्वयंपाकघरात एकटी, अशा घराच्या दोन पंगती होत. त्या काही बोलत नसत, एवढेच.

ही रेघ पुसली ती कस्टर्ड पावडरीने. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. म्हणून त्यांनी १८३७ मध्ये मक्याच्या पिठाचे बिनअंड्याचे कस्टर्ड सिद्ध केले. स्वयंपाकातल्या सोप्या युक्तीकडे आपण आळसाची वाट म्हणून पाहतो. पण ही वाट निघाली होती घरातल्या एका माणसाचे पान रिकामे राहू नये म्हणून.

कृती अगदी साधी. पाव लिटर थंड दुधात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर आणि दोन चमचे साखर कालवावी. दूध गरम असेल तर गुठळ्या होतात. पाव आदल्या दिवसाचा असावा. ताजा भिजताच मोडतो. पीठ तळाशी बसते, तेव्हा दर वेळी दूध ढवळून मगच काप बुडवावा आणि मध्यम आचेवर साजूक तुपात दोन्ही बाजूंनी परतावा. अंडे तापून घट्ट होते आणि पावातले दूध धरून ठेवते. मक्याचे पीठ फुगून तेच काम करते. सोनेरी रंग आणि व्हॅनिलाचा गंध पावडरीतच असतो.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी डबा हातात घेऊन त्यावरचे बारीक अक्षर दोनदा वाचून घेतले. मग कडा काढलेला एक काप ताटलीत घेतला. पुढे अनेक रविवार मुले त्यांच्या शेजारी बसून खात असत.

आता त्या नाहीत, आणि ओट्यावर अंडेही चालते. तरी मुले सुटीत घरी आली की फ्रेंच टोस्ट मागतात तो आजीचाच. मागील दारचा तवा कोणाला आठवत नाही.