आडव्या स्वभावाचा

प्लायचा खरा स्वभाव दुकानात कळत नाही. अलिबागच्या दुकानात तो आठ बाय चारच्या गठ्ठ्यात निमूट पडून असतो, गुळगुळीत आणि फिकट. बोट फिरवलं तर वाटतं, याला कुठेही लावा, हा काही म्हणणार नाही. त्याला गाडीत नेऊन पत्र्याच्या फासळ्यांना धरलं की मग त्याचं म्हणणं ऐकू यायला लागतं.

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर. आतल्या सीट निघाल्या, अस्तर निघालं आणि उरला नागडा पत्रा: फासळ्या, वायरींचे जुडगे, चाकांचे फुगवटे. नागावच्या वाडीत, सुपारीच्या सावलीत ती उभी होती. आतून तिला घर करायचं होतं आणि त्या घराची भिंत हा चार मिलिमीटरचा प्लाय होणार होता. कामाला आलेले मिस्त्री आयुष्यभर होड्या करत आलेले. गाडीत शिरल्या शिरल्या त्यांनी एका फासळीवर हात ठेवला आणि म्हणाले, “ताई, हे तर वांकच.” होडीच्या फासळ्यांना कोळी वांक म्हणतात. त्या क्षणापासून काम त्यांच्या ओळखीचं झालं. होडीत फळ्या वांकांना बाहेरून लागतात, इथे प्लाय आतून लागणार, फरक तेवढाच.

चार मिलिमीटरमध्ये तीन थर. वरच्या आणि खालच्या थराच्या रेषा लांबीत धावतात, मधल्याच्या बरोबर आडव्या. लाकूड पाणी प्यायलं की रेषांच्या आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून वरचा थर पसरू बघतो तेव्हा मधला त्याला धरून ठेवतो आणि मधल्याला वेळ आली की दोन्ही बाजूंचे मिळून त्याला. एका बांधावर नांदणाऱ्या भाऊबंदांसारखे हे तिघे परस्परांना आडवे जातात, आणि त्या आडवेपणातूनच तक्ता सरळ राहतो. अखंड फळी कितीही उमदी असली तरी कोकणातल्या दोन पावसाळ्यांत पीळ धरते. प्लाय तसा पिळत नाही, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

मात्र त्याला वाकवायचं असेल तर त्याचा कल विचारात घ्यावा लागतो. गाडीची बाजू सरळ नसते, खालून वर जाताना ती आत झुकते. तक्ता उभा धरला, म्हणजे वरच्या रेषा जमिनीकडून छताकडे, तर तो छाती काढून उभा राहतो. दोन माणसांनी दाबला तरी मधल्या फासळीला टेकत नाही. तोच आडवा फिरवला, रेषा गाडीच्या लांबीत नेल्या, की तळहाताच्या दाबाने बसतो, कारण आता वाकायचं काम एकट्या मधल्या थराला निभवावं लागतं आणि बाहेरचे दोघे विरोध करत नाहीत. तक्ता तोच असतो आणि माणसंही तीच. मिस्त्रींनी हे मला शब्दांत सांगितलं नाही. त्यांनी तक्ता फिरवला आणि माझा हात धरून त्यावर ठेवला.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीने मॉस्किटो हे विमान असंच पातळ प्लायचं केलं होतं. दोन पातळ प्लायच्या मध्ये हलकं बाल्सा लाकूड. विमानाचं धड साच्यावर दोन उभ्या अर्ध्यांत घडवायचे, आतल्या जोडण्या बऱ्याचशा करून घ्यायचे आणि मग दोन्ही अर्धे चिकटवायचे. बंद करण्याआधी आतलं उरकून घ्यायची ही शिस्त गाडीलाही हवी. प्लाय लागला की मागची वायर दिसत नाही, आणि लांब स्क्रू त्या वायरीत घुसला तर ते लगेच कळतही नाही. मिस्त्रींनी प्रत्येक वायरीची वाट आधी पुठ्ठ्याच्या फर्म्यावर शिसपेन्सिलीने काढून घेतली, मगच तक्ता कापला.

आता पाणी. रायगडच्या किनाऱ्यावर कुठल्याही लाकडाची परीक्षा पाण्यातच होते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर टिकून राहिली की लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सतरा-अठरा टक्के पाणी नुसत्या हवेतून ओढून घेतं. दुकानदार ज्याला ‘सेव्हन-टेन’ म्हणतो तो प्लाय म्हणजे आयएस ७१० या मानकाचा, सागरी प्लाय. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि थर सुटता कामा नयेत. त्याचा डिंक फिनॉलचा असतो. स्वस्त प्लायमध्ये युरियाचा डिंक असतो. तो ओल आणि उष्णता मिळाली की ढिला होतो आणि फॉर्माल्डिहाइडही जास्त सोडतो. मे महिन्यात काशीदच्या उन्हात बंद गाडीचं दार उघडलं की नाकाडोळ्यांना झोंबतं ते हेच. ज्या जागेत मुलं झोपणार, तिथे या बाबतीत काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

थंड देशांतली गाडीबांधणीची पुस्तकं सांगतात की आतली वाफ पत्र्यापर्यंत पोचू देऊ नका, प्लायच्या आतल्या अंगाला अडसर घाला. तिकडे बाहेर थंडी आणि आत ऊब, त्यामुळे आतला श्वास पत्र्यावर जाऊन पाणी होतो. आपल्याकडे जुलैत उलटं घडतं. बाहेर दमट उष्मा, आत एसी. ओल बाहेरून फटींतून शिरते आणि गार झालेल्या प्लायच्या पाठीवर थेंब धरते. जी बाजू कुणाला कधी दिसत नाही तीच भिजते. म्हणून वॉर्निशचे दोन हात आधी पाठीला आणि मग चेहऱ्याला. त्याहून जास्त कडांना, कारण पाणी प्यायला प्लायचं तोंड कडेलाच असतं: तिथे रेषांची उघडी टोकं असतात. जिगसॉने कापलेली प्रत्येक कड, पंख्यासाठी पाडलेलं प्रत्येक भोक, मिस्त्री बोटाने वॉर्निश भरून बंद करत होते. ब्रश का नाही, विचारलं तर म्हणाले, “ब्रशाला भोक लागत नाही, बोटाला लागतं.”

जोडणी फासळ्यांनाच, बाहेरच्या पत्र्याला नाही. फासळीत भोक पाडायचं, कानशीने काठ साफ करायचा, झिंकचा प्रायमर लावायचा, मगच आट्यांचा नट बसवून त्यात स्क्रू. स्क्रू ३१६ स्टेनलेसचा, कारण खाऱ्या वाऱ्यात साधा टिकत नाही. पण स्टेनलेस साध्या लोखंडाला उघडं भिडलं तर खारी ओल लोखंडालाच खाते, म्हणून मध्ये नायलॉनची चकती. दोन तक्त्यांमध्ये एक सूत जागा मोकळी. मी आधी ती फट लाकडी पट्टीने घट्ट भरायला निघाले होते; दिसायला वाईट वाटत होती. मिस्त्रींनी थांबवलं. वडखळ सोडून अलिबागकडे येताना गाडी सतत अंग पिळते, आणि घट्ट बसवलेला प्लाय शेजाऱ्याच्या कडेवर घासून कुरकुरतो. त्याला सूतभर मोकळीक दिली आणि फासळीवर नमद्याची पट्टी चिकटवली, की साळावपासून मुरुडपर्यंत तो चकार शब्द काढत नाही. फटीवरची पट्टी लावायचीच तर एकाच बाजूला अडकवायची, दुसरी बाजू सरकती.

राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि किनाऱ्यावर अशा गाड्यांची चर्चा वाढली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र आहे तसंच आहे. गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही आणि एमएच-०६ वाल्यांना त्यासाठी पेणच्या आरटीओची पायरी चढावी लागते. कागद आधी, करवत मग.

प्रत्येक तक्त्याच्या पाठीवर मिस्त्रींनी आकडा घातला आहे. डाव्या बाजूचे एक ते सहा, उजव्याचे सात ते बारा आणि बाण गाडीच्या तोंडाकडे. होडीत जसं दरवर्षी पावसाळ्यात बूड तपासतात, तसा गाडीचा प्लाय पावसाळा संपल्यावर उतरवून बघायचा, असा त्यांचा दंडक. सगळा नाही. आधी सहा आणि बारा, म्हणजे मागच्या चाकांवरचे, कारण रस्त्यावरचं पाणी पहिल्यांदा तिथेच पोचतं. पाठ काळवंडली असेल तर उन्हात दोन दिवस वाळवून, घासून पुन्हा वॉर्निश. कड फुलली असेल तर तो तक्ता बाद, फर्मा जपून ठेवलेला आहेच. आणि दोन्ही कोरडे निघाले तर बाकीच्या दहांना त्या वर्षी हात लावायचा नाही.