चालत आलं तरी चालतं

सॅन फ्रान्सिस्को पाहून झालं. गोल्डन गेटचा पूल धुक्यात होता, तेव्हा पाहिला असं आपलं म्हणायचं. केबल कार, धक्क्यावरचे आळशी सी लायन, वाइनच्या गावांची एक थकवणारी फेरी, सगळं जसं व्हायचं तसं झालं. त्यातलं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. सांगण्यासारखी आहे ती पुलापलीकडच्या मरिन काउंटीतली एक रविवार सकाळ. मी स्वतः सायकलवर नव्हते, म्हणून ती नीट दिसली.

माझी मामेबहीण फ्रीमाँटला राहते. मूळची ठाण्याची, पन्नाशीला टेकलेली, सॉफ्टवेअरमधली. शाळेत खो-खोच्या तासाला हिच्या पोटात हमखास दुखायचं. ही बाई आता डोंगरात सायकल चालवते हे फोनवर कळलं, तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. अमेरिकेतली आपली माणसं फोनवर बरंच काही करत असतात. पण त्या रविवारी पहाटे तिनं खरंच गाडीमागच्या रॅकवर जाड टायरांची सायकल चढवली आणि मला म्हणाली, "ताई, पुस्तक घे बरोबर. आम्हाला वेळ लागतो."

जायचं होतं चायना कॅम्प स्टेट पार्कला. सॅन रफाएल गावाबाहेर, सॅन पाब्लो उपसागराच्या काठावर हे जंगल आहे. मरिन म्हणजे माउंटन बायकिंगचं माहेर. गंमत अशी की, याच माहेरात बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद आहेत. वणवा विझवायला गाड्या जाव्यात म्हणून केलेल्या रुंद कच्च्या रस्त्यांवर सायकल चालते, तीही ताशी १५ मैलांच्या आत. चायना कॅम्प हा त्यातला मोठा अपवाद. तिथली शोरलाइन ट्रेल ओकच्या झाडांखालून, खाजणाच्या कडेकडेनं, फारसे चढउतार न घेता जाते. नवशिक्यांना याहून बरी वाट नाही.

आठ-नऊ बायका जमल्या होत्या. एक ओकलंडची नर्स, एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी, एक माझ्याच वयाची तमिळ बाई, आणि या सगळ्यांची म्होरकी म्हणजे सत्तरीच्या आसपासची एक निवृत्त शिक्षिका. पांढरे आखूड केस, गुडघ्यावर जुन्या खरचटण्याचे डाग. तिनं पहिला धडा दिला तो सायकलचा नव्हताच. एका झुडपाची तीन-तीन पानं दाखवून तिनं सांगितलं की हे पॉयझन ओक, याला हात लावायचा नाही, पडायचंच असेल तर पलीकडच्या बाजूला पडा. लागलं तर पुढे कितीतरी दिवस खाज. आपल्या खाजकुइलीची ही दूरची बहीण असावी.

पुस्तक गाडीतच राहिलं. त्या वाटेवर चालायला परवानगी असते, म्हणून मी पुढे जाऊन एका वळणापाशी उभी राहिले. वळण तसं साधंच. डावीकडे वळताना वाट हातभर खाली उतरते आणि नेमकी तिथं एका ओकची मुळं आडवी आलेली. चालणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाहीत. सायकलवाल्याला मात्र त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो. नजर जिथं, चाक तिथं. शिक्षिका वळणाच्या शेवटी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मुळांकडे नाही, माझ्याकडे बघा. सीट बटण दाबून खाली घ्यायची, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून त्यावर उभं राहायचं, कोपर सैल, ब्रेकवर एकेकच बोट. कॉलेजातली मुलगी सुळकन उतरली. तिची आई पायउतार झाली, सायकल हातात धरून चालत खाली आली आणि पुन्हा बसली. कुणी काही बोललं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मला ते आवडलं. आपल्याकडे चार जणींनी 'अगं जमेल गं, कर की!' म्हणून तिचा जीव नकोसा केला असता.

नर्सबाईंनी मुळं झोकात पार केली आणि पुढच्या सपाट गवतात सावकाश आडव्या झाल्या. तिथंच पडून त्या इतक्या हसल्या की उठवायला दोघी लागल्या. मग सायकल ढकलत मागे जाऊन पुन्हा तेच वळण. या खेळात ही पद्धतच आहे. एक अवघड जागा निवडायची आणि तिच्यावरच घोटत राहायचं, पुढे जायची घाई नाही.

तेवढ्यात वरून एक गृहस्थ आले. महागडी सायकल, अंगावर कंपन्यांच्या नावांनी भरलेला शर्ट. वाट मोकळी होईपर्यंत थांबले, इथवर ठीक. पण थांबल्यावर त्यांना राहवेना. माझ्या बहिणीला त्यांनी, तिनं न विचारता, वजन मागे टाकायला सांगितलं, मग वेग वाढवायला सांगितलं, मग जास्त विचार करू नकोस असंही सांगितलं. अनोळखी बाईला 'विचार करू नकोस' असं सांगणारा पुरुष मी दादर स्टेशनपासून नायगऱ्यापर्यंत सगळीकडे पाहिलाय, त्याला हेल्मेट घातलेलं प्रथमच पाहिलं. शिक्षिकेनं वर न बघता "थँक यू, वी आर फाइन" म्हटलं. त्या पाच शब्दांत वर्गाबाहेर काढल्याचा स्वर होता. गृहस्थ गेले.

बहीण वळणाच्या तोंडाशी उभी. एक पाय जमिनीवर, नजर शिक्षिकेकडे. निघाली, मुळांपाशी आली, थांबली, मागे गेली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. मग शांतपणे उतरून चालत खाली आली आणि मला मराठीत म्हणाली, "आज नाही." चेहऱ्यावर ना ओशाळलेपण ना खंत. नवऱ्याबरोबर सुरुवात केली तेव्हा असं उतरून चालत येणं चालायचं नाही, हे तिनं नंतर गाडीत सांगितलं. तो पुढे जाऊन वळणावर थांबायचा, ही धापा टाकत पोचली की लगेच निघायचा. म्हणजे विश्रांती त्याला, हिला नाही. मला वाटतं, बायकांचे वेगळे गट का लागतात याचं यापेक्षा सरळ उत्तर नाही.

फेरी संपल्यावर लाकडी बाकांवर चहा. शिक्षिकेच्या थर्मासमध्ये काळा चहा, दूध वेगळं. त्याला मी चहा म्हणणार नाही. बहिणीनं मात्र आल्याचा उकळलेला आणला होता, सोबत शंकरपाळे, आणि त्यावर नर्सबाईंचा आधीपासून डोळा होता. सायकल आणि चहा ही जोडी इथं जुनी आहे. मरिनच्याच जॅकी फेलन या बाईनं १९८०च्या दशकात स्त्रियांसाठी 'विमेन्स माउंटन बाइक अँड टी सोसायटी' काढली. चहा नावातच. फेलन काही हौशी नव्हती. १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षं ती अमेरिकेची राष्ट्रीय विजेती होती, तीही रेसिंग सायकलचं वाकडं हँडल लावलेल्या माउंटन बाइकवर. जिंकता येणाऱ्या बाईनं इतर बायकांना जिंकायला नव्हे, नुसतं मजेत चालवायला बोलवावं, हे मला तिच्या पदकांपेक्षा मोठं वाटतं.

दुपारी बहिणीनं फेअरफॅक्स गावातलं सायकलींचं संग्रहालय दाखवलं. २०१५मध्ये उघडलेलं, माउंटन बाइक हॉल ऑफ फेमही आता तिथंच. मला संग्रहालयांचा कंटाळा, पण इथं रेंगाळले. या गावाजवळच्या रीपॅक नावाच्या उतारावर १९७६पासून शर्यती होत. दोनेक मैलांत तेराशे फूट खाली, आणि सायकली विसेक किलोच्या, जुन्या, उलटं पेडल मारून ब्रेक लावायच्या. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, मग ते नव्यानं भरायचं. त्या शर्यतवाल्यांच्या टोळक्यात नेमानं चालवणारी बाई एकच, वेंडी क्रॅग. पुरुषांमधली गॅरी फिशरची विक्रमी वेळ ४ मिनिटं २२ सेकंद, स्त्रियांमधली क्रॅगची ५ मिनिटं २७. वर तिच्याकडे कॅमेराही असायचा. त्या काळाची जी छायाचित्रं आज जगभर छापली जातात, त्यातली कितीतरी तिचीच. वीस वर्षांनी, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तो स्त्री-पुरुष दोघांच्या शर्यतींसकट. स्त्रियांचं सुवर्ण इटलीच्या पाओला पेत्सोनं नेलं.

माझं मन मात्र परत चायना कॅम्पच्या किनाऱ्यावर जात होतं, आणि कारण सायकल नव्हतं. १८८०च्या दशकात तिथं कँटनकडून आलेल्या शेकडो चिनी लोकांची वस्ती होती. ते खाडीतली बारीक कोळंबी पकडून सुकवत आणि बहुतेक माल चीनला पाठवत. त्यांची जाळी पिशवीसारखी, भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवलेली. म्हणजे आपल्या कोळ्यांची डोलच की! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायद्यांनी आधी सुक्या कोळंबीची निर्यात आणि मग ती जाळीच बंद केली, आणि गाव जवळजवळ ओस पडलं. सुकट-जवळ्यावर वाढलेल्या माणसाला हे वाचून भूक लागते आणि रागही येतो.

परतताना बहिणीनं विचारलं, तुझ्या पुण्यात बायकांचे असे सायकलचे गट आहेत का? संगमनेरच्या प्रणिता सोमणनं या खेळात राष्ट्रीय पातळीवर महाराष्ट्राला पदकं मिळवून दिली आहेत, हे मी तिला सांगितलं. पण तिचा प्रश्न पदकांचा नव्हता, चाळिशी-पन्नाशीच्या बाईचा होता. पुण्या-नाशकात डोंगरात सायकल चालवणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एवढंच करा. महिन्यातून एक रविवार नवशिक्या बायकांसाठी ठेवा, गावाबाहेरचा एखादा मुरमाचा सपाट रस्ता निवडा, चालत येणारीसाठी थांबा, आणि ती आल्याबरोबर लगेच निघू नका. चहा उकळलेला असावा.