अंधार मोजत वेंगुर्ल्यापर्यंत

थळच्या किनाऱ्यावर पहाटे ट्रायपॉड उभा केला तेव्हा खांदेरीचा दिवा अजून चालू होता. पाण्यापलीकडे काळपट बेट, त्यावर मनोरा आणि ठरावीक वेळाने होणारी उघडझाप. मी तेरा फोटो काढले. सहांत दिवा आला, सातांत नुसतं बेट.

"आधी मोज, मग बटण दाब," मागून भावोजी म्हणाले.

भावोजींची उभी हयात व्यापारी जहाजांवर गेली. कोकणातल्या दीपगृहांचे फोटो काढायला जायचं मी ठरवलं तेव्हा गाडी चालवायला ते आपणहून तयार झाले. एवढी वर्षं हे दिवे त्यांनी फक्त समुद्रावरून पाहिले होते. जमिनीकडून एकदाही नाही. ताई येणार नव्हती. "मनोऱ्यांचे कसले फोटो?" म्हणाली, आणि दशमीचा डबा घेऊन मागच्या सीटवर बसली.

खांदेरीची गंमत अशी की १६७९ साली शिवाजी महाराजांनी इथे तटबंदी घालायला घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ती होऊ नये म्हणून आरमार धाडलं होतं. पुढे त्याच बेटावर इंग्रजी अमलात, १८६७ साली, दीपगृह उभं राहिलं. आज बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे.

रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला आलो. किल्ल्याच्या डोंगराला वळसा घालून रस्ता थेट दीपगृहापाशी संपतो, आणि तिथूनच किल्ल्याच्या पायऱ्या सुरू होतात. पोर्तुगीज १७४० साली इथून गेले, पण खालच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेचं एक मराठीत मुरलेलं रूप अजून घरात बोललं जातं. 'नौ लिंग' म्हणतात तिला, म्हणजे आपली भाषा. मला तिचे दोन शब्दही टिपता आले नाहीत. सगळे आमच्याशी मराठीतच बोलले, आणि मासे फार महाग सांगितले.

पुढे जंगलजेट्यांचा प्रवास. गाडीसकट माणसं खाडीपार नेणाऱ्या या फेरीबोटींना जंगलजेटी का म्हणतात, याची मला तीन जणांनी तीन कारणं सांगितली. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा चार खाड्या ओलांडल्या. बोटीवर चढताना गाडी उलटी घ्यावी लागली की जहाजं हाकलेले भावोजी घामाघूम होत आणि खलाशी पोरं त्यांना ओरडून हात करत. ताईला हे पाहून फार आनंद व्हायचा.

आता एका दीपगृहाबद्दल लिहितो, पण त्याचं नाव सांगत नाही. तिथे कॅमेऱ्याला मनाई होती. ड्यूटीवरच्या माणसाने पाटीकडे बोट दाखवलं. मग भावोजींनी आपण दर्यावर्दी असल्याचं सांगितलं, दोघांच्या ओळखीची बंदरं निघाली, आणि तो म्हणाला, "कॅमेरा गाडीत ठेवा, वर चला." गोल जिना, शेवटी लोखंडी शिडी, आणि डोक्याला लागणारं दार. आत दुपारच्या वेळी सगळ्या काचांना पडदे. मला वाटलं, उन्हाने खोली तापू नये म्हणून. तो हसला. "दिवा जळू नये म्हणून. रात्री भिंग उजेड बाहेर फेकतं, तसं दिवसा ऊन आत गोळा करेल."

पडद्याआड माणसाच्या उंचीचं भिंग होतं. एकसंध भिंग नव्हे. मधे फुगीर काच आणि तिच्याभोवती पायरीपायरीने लावलेली काचेची कडी. ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने हे डोकं लढवलं आणि १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात ते बसवलं. तेवढ्याच ताकदीचं अखंड भिंग केलं असतं तर त्याचं वजन मनोऱ्याला पेललं नसतं. जगातल्या कित्येक दीपगृहांत ही जडशीळ भिंगं पाऱ्याच्या थाळ्यात तरंगत ठेवलेली असत, म्हणजे एका बोटाने ढकललं तरी फिरावीत. त्याने पडदा जरासा सरकवला. भिंगात समुद्र वर आणि आभाळ खाली, मधे एक होडी टांगलेली. मधला दिवा केवढा? माझ्या मुठीएवढा. या प्रवासातला सगळ्यात चांगला फोटो हाच, आणि तो माझ्याकडे नाही.

अंजनवेलला टाळकेश्वराजवळचं दीपगृह पाहिलं, तिथून गोपाळगड हाकेच्या अंतरावर. पण कोनात कुठूनतरी वीजप्रकल्प डोकावतोच. जयगडला ओतीव लोखंडाचा मनोरा आहे. दगडी बांधकामाची सवय झालेल्या डोळ्यांना तो एखाद्या जुन्या यंत्राचा सुटा भाग वाटतो. तिथेही बंदर आणि वीजप्रकल्पाचा झगमगाट. मला तो फोटोला नडला. भावोजींना वेगळ्याच कारणाने नडला. "किनाऱ्यावर इतके दिवे असले की त्यातला आपला कोणता, हे समुद्रावरून हुडकावं लागतं. मग ठोके मोजायचे."

हे ठोके काय, ते रत्नागिरीला कळलं. भगवती किल्ल्याच्या एका टेकाडावर दीपगृह आहे, खाली मिरकरवाड्यात मच्छीमार बोटी दाटीवाटीने लागलेल्या. सूर्य बुडाला, दिवा लागला. मी तीस सेकंद शटर उघडं ठेवलं. पडद्यावर मनोऱ्यातून पंख्यासारखे फाकलेले झोत. मला तर नाचावंसं वाटलं. भावोजींनी चष्मा वर करून पाहिलं.

"छान आहे. पण हे रत्नागिरी कशावरून?"

"किल्ला दिसतो ना."

"आम्हाला रात्री किल्ला दिसत नाही. मनोरा दिसत नाही. एक ठिपका दिसतो. तो किती वेळा उघडतो, मग किती सेकंद गप्प राहतो, त्यावरून नाव कळतं. प्रत्येक दिव्याची चाल छापील पुस्तकात असते. तू सगळे ठोके एकात एक ओतलेस."

मी चिडलो. मग घड्याळ घेऊन मोजायला बसलो. आमचे आकडे जुळेनात. मी दिवा विझल्यापासून मोजत होतो. ते म्हणाले, एक उघडझाप सुरू झाली की पुन्हा तशीच सुरू होईपर्यंत. पुन्हा मोजलं. अंधार लांबला की उगाच वाटायचं, बंद पडला वाटतं. तेवढ्यात तो यायचा.

सत्कार समारंभांतून 'समाजाचे दीपस्तंभ' इतक्या वेळा ऐकले आहेत की तो शब्द मला हार-नारळाबरोबरचाच वाटे. त्या सत्कारमूर्ती अखंड तेवत असतात म्हणे. तसं खरंच असतं तर कोण कुठला, हे कोणालाच कळलं नसतं.

देवगडला थांबलो ते किल्ल्यात, १९१५ सालच्या दीपगृहापाशी. ऊन टळटळीत होतं, फोटो सपाट आले. पवनचक्क्यांचे जास्त बरे आले. मोहोराचा वास मात्र वेंगुर्ल्यापर्यंत गाडीत राहिला.

वेंगुर्ल्याला बंदराजवळच्या टेकडीवर अंधारात उभे राहिलो. समोर समुद्रात, किनाऱ्यापासून बरंच आत, वेंगुर्ल्याचे खडक आहेत. तिथल्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी करतात, आणि ती घरटी खाण्यासाठी विकली जातात म्हणून त्यांची चोरी व्हायची. त्या खडकांवरही एक दिवा आहे. कॅमेऱ्यात तो धुळीच्या कणाएवढा आला. मी ट्रायपॉड मिटायला घेतला.

"थांब," ताई म्हणाली. कठड्यावर बसून ती बोटांच्या पेरांवर मोजत होती, जपाला मोजतात तसं. "बोलू नका कोणी. माझं चुकेल."