जमिनीवर उतरण्याची कला

उडी मारून पाऊल जमिनीला टेकले की पुढच्या साधारण ४० मिलिसेकंदांत गुडघ्यातला एसीएल तुटू शकतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चूक ओळखून सावरणे कुणालाच जमत नाही. त्यामुळे गुडघा राखते ती आधीपासून अंगवळणी पडलेली सवयच.

एसीएल हा सांध्याच्या आत तिरका गेलेला लिगामेंट. मांडीच्या हाडापासून नडगीपर्यंत पोचणारा हा पट्टा नडगीला पुढे सरकू देत नाही आणि नको तेवढी फिरूही देत नाही. गुडघा ताठ ठेवून उतरले, की मांडीचा पुढचा स्नायू नडगीला पुढे ओढतो. मागचा हॅमस्ट्रिंग तिला धरून ठेवणारा, पण ताठ गुडघ्यात त्याचा जोर पुरत नाही. त्यातच सगळा भार एका पायावर आला, धड बाजूला झुकले आणि गुडघा आत कलला, तर ताण एकट्या एसीएलवर येतो. रिबाउंड घेऊन खाली येणारी बास्केटबॉलपटू किंवा खो-खोत हुलकावणी देऊन झटकन वळणारी मुलगी कुणाचाही धक्का न लागता कोसळते, ती अशी. कित्येकींना त्या क्षणी आतून ‘कट्’ असा आवाज आल्याचे आठवते.

फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत ही इजा मुलींना मुलांपेक्षा दोन-तीन पट तरी अधिक होते. कटीची रुंदी आणि संप्रेरके यांची चर्चा खूप होते, पण प्रशिक्षकाच्या हातात त्यातले काहीच नसते. वयात येतानाचा काळ मात्र त्याच्या हातात असतो. उंची आणि वजन भराभर वाढते. मुलांची ताकद त्याबरोबर आपोआप वाढते, मुलींची तेवढी वाढत नाही. नेमक्या याच वयात मुलींना वजने उचलण्यापासून दूर ठेवले जाते आणि मग त्यांच्या शरीरालाच नाजूक ठरवले जाते. हा अन्याय आहे.

उतरणे पारखायची रीत साधी आहे. ३१ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यावरून मुलगी खाली येते आणि लगेच वर उडी घेते. बघणाऱ्याने समोर उभे राहायचे आणि कानही उघडे ठेवायचे. जोराचा ‘धप्प’ आवाज म्हणजे गुडघा आणि खुबा पुरेसे वाकलेले नाहीत. दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकले, तर ते समोरून लगेच दिसते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २०५ खेळाडू मुली अशा तपासल्या होत्या. पुढे ज्या नऊ जणींचा एसीएल तुटला, त्यांचे गुडघे उतरताना इतरांपेक्षा सुमारे ८ अंशांनी अधिक आत कललेले होते. मात्र नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंवरच्या नंतरच्या अभ्यासात याच चाचणीवरून पुढे कोण जखमी होईल हे ओळखता आले नाही. तेव्हा धोक्यातल्या चार जणी निवडून काढण्यापेक्षा सगळ्यांनाच नीट उतरायला शिकवणे शहाणपणाचे.

शिकवताना शरीरशास्त्र सांगत बसू नये. ‘आवाज न करता उतर’, ‘खुर्चीवर बसल्यासारखी खाली ये’ एवढे मुलींना पटकन कळते आणि सामन्यातही आठवते. आधी दोन पायांवर, मग एका पायावर, मग चेंडू झेलताना आणि शेवटी शेजारणीचा हलका धक्का सोसत. जोडीला हॅमस्ट्रिंग आणि खुब्याच्या स्नायूंची ताकद वाढवायची. घाई इथे घात करते; एका पायावर स्थिर उभे राहता येत नसेल, तर त्या पायावर उडी नको.

तुटलेला एसीएल शस्त्रक्रियेने नवा बसवता येतो. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरची अशी शस्त्रक्रिया २०१७ मध्ये झाली आणि २०१८ मध्ये तिने तुर्कस्तानात व्हॉल्टचे सुवर्ण जिंकले. पण मैदानात परतायला किमान नऊ महिने द्यावे लागतात, आणि परतलेल्या तरुण खेळाडूंपैकी जवळपास चौघांत एकाचा एसीएल, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यातला, पुन्हा तुटतो.

स्वीडनमध्ये १२ ते १७ वयाच्या साडेचार हजारांवर फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या चाचणीचा अहवाल २०१२ मध्ये आला. गुडघा सांभाळण्याचे व्यायाम करणाऱ्या संघांत एसीएलच्या इजा ६४ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. त्यासाठी लागली सरावाच्या सुरुवातीची पंधरा मिनिटे, आठवड्यातून दोनदा.