'ओसाड' हा शब्द मीच लिहिला होता

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच बातमीदारीला लागलो होतो. चिखल्याच्या समुद्रावरच्या एका बातमीत लिहून गेलो, 'ओहोटीच्या वेळी येथील ओसाड किनारा...' पुढचं वाक्य आता आठवत नाही. आठवते ती दुसऱ्या दिवशी बाजारात भेटलेली एक मांगेली मावशी. पाटीत खुबे होते, थोडी कालवं होती. म्हणाली, "ओसाड म्हणतोस, मग हे काय तुझ्या घरून आणलं मी?"

मी हसून वेळ मारून नेली. बातमी तशीच राहिली. दुरुस्ती छापावी असं तेव्हा वाटलंही नाही.

मावशी परवा पुन्हा आठवली. सुरूच्या बनाखाली कॉलेजची काही पोरं दिसली. त्यांनी बनापासून पाण्याच्या दिशेने एक लांब दोरी सरळ ताणली होती. ठराविक अंतरावर त्या दोरीशेजारी एक मीटर लांबी-रुंदीची पाइपची चौकट ठेवायची, आत जे दिसेल ते मोजायचं, वहीत लिहायचं आणि पुढे सरकायचं. दोरीला म्हणतात ट्रान्सेक्ट, चौकटीला क्वाड्रॅट. अख्खा किनारा कोणी मोजू शकत नाही, म्हणून हे नमुने घ्यायचे. मीही वाकून बघितलं. लांबून राखाडी चिखलवाळू दिसते तिथे खेकड्यांची बिळं, बारीक गोगलगाई, समुद्री किड्यांनी वर टाकलेले मातीचे वेटोळे. एका चौकटीतली बिळं मोजताना एक पोरगी तीनदा चुकली आणि तिन्ही वेळा पहिल्यापासून मोजायला लागली. मला तिचं कौतुक वाटलं. माझ्या हातून बातमीत एवढी पडताळणी क्वचितच होते!

भरतीत बुडणारी आणि ओहोटीत उघडी पडणारी ही जमीन म्हणजे शास्त्राच्या भाषेत आंतरभरती पट्टा. आपल्याकडे समुद्र खूप आत जातो. उत्तरेला खंभातच्या आखाताकडे सरकावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, म्हणून हा पट्टाही रुंद. कायद्यात त्याचं नाव आहे सीआरझेड एक-ब. मी ज्याला ओसाड म्हटलं होतं, ती किनारा नियमनातल्या सर्वांत जपायच्या वर्गातली जमीन निघाली. मावशीला कायद्यातलं नाव माहीत नव्हतं, पण उधाणाला पाणी कुठवर चढतं, भांगाला कुठे थांबतं आणि कुठल्या खडकाला कालवं धरतात, हे तिला पाठ होतं. तीसुद्धा नोंदच, फक्त वहीत नाही.

आता हे सगळं फेसबुकवर कशाला लिहितोय? कारण आपल्या तालुक्याचं भवितव्य गेली तीस-पस्तीस वर्षं अशा शब्दांवरच ठरत आलंय आणि आपण ते शब्द वकिलांवर सोडून दिलेत.

एकच शब्द घ्या, 'बेसलाइन'. प्रकल्प येण्याआधी तिथे काय होतं, याची नोंद. उद्या नुकसान झालं की नाही, हे तिच्याशी ताडून ठरणार. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार बहुतेक प्रकल्पांना पावसाळा वगळून एका मोसमाची माहिती पुरते. पावसाळा वगळून! आणि आपल्याकडे मासेमारी बंद असते कधी? जून-जुलैत. का? तर मासळीच्या विणीचा काळ म्हणून. म्हणजे एक सरकारी नियम सांगतो की या दोन महिन्यांत समुद्रात काहीतरी मोलाचं चाललेलं असतं, आणि दुसरा म्हणतो ते दोन महिने नाही मोजले तरी चालेल. यात कोणाचा कट वगैरे नाही, पावसाळ्यात बोट घालून नमुने घेणं कठीणच असतं. पण कठीण म्हणून मोजलं नाही, आणि नव्हतंच म्हणून मोजलं नाही, यातला फरक अहवालाच्या तक्त्यात दिसत नाही.

बेसलाइनचा आणखी एक त्रास आहे. ती सरकते. डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये हे मांडलं: प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जेवढी मासळी पाहते, तेवढीच मूळची धरून चालते. घटलेलं हळूहळू कोणाच्या लक्षातच राहत नाही. माझ्या घरातलं उदाहरण सांगतो. पाण्याच्या बाजूची सुरूची झाडं मुळं उघडी पडून आडवी झालेली दिसतात, तो किनारा माझ्या मुलाला नेहमीचाच वाटतो. त्याच्यापुढे झाडांची आणखी एक रांग होती, हे मी सांगितलं तर तो म्हणतो, "फोटो आहे का?" नाही. ओसाड किनाऱ्याचा फोटो कोण काढणार?

आता मोठा शब्द. २० जून १९९१ ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी अशी वर्गवारी झाली आणि साऱ्या तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन ठरली. ऑक्टोबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि डिसेंबरात न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. १९९८ मध्ये वाढवणला बंदराचा प्रस्ताव होता, तो या प्राधिकरणाने नाकारला.

मग २०२० साल. सगळे घरात कोंडलेले असताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना लाल वर्गातून काढून 'बिगर-औद्योगिक' कामांत घातलं. पाठोपाठ पर्यावरण मंत्रालयाचं पत्र आलं. त्याचा अर्थ असा की बंदर हा उद्योग नाही, तेव्हा डहाणूत उद्योगांवर असलेलं बंधन त्याला लागत नाही. समुद्र तोच, मासळी तीच, बंदर तर पूर्वीपेक्षा कितीतरी मोठं. बदलली ती फक्त 'उद्योग' या शब्दाची व्याख्या. जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंत्रिमंडळाची मंजुरी, ऑगस्टअखेर भूमिपूजन. समुद्रात भर पडणार १,४४८ हेक्टर.

बंदर हवंच म्हणणारी पोरंही माझ्या ओळखीतली आहेत. त्यांना नोकरी पाहिजे, आणि त्यांना शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. पण २०२० ची ती बातमी मी तेव्हा कुठे छापली होती, ते सांगतो. आतल्या पानावर, तळाला, एक कॉलम. 'वर्गवारीत फेरबदल' असं काहीतरी शीर्षक होतं. मला वाटलं, तांत्रिक मामला आहे. 'ओसाड'नंतरची माझी ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

त्या पोरांची वही मी चाळली. रकाने होते: तारीख, वेळ, चौकट क्रमांक, प्रजातीचं लॅटिन नाव, संख्या. मी म्हटलं, एक रकाना वाढवा, मांगेली नावाचा. त्यांच्या सरांना पटलं, पण सांगणारं माणूस पाहिजे म्हणाले. मावशी आता चालत समुद्रापर्यंत जाऊ शकत नाही. तिची सून येते म्हणालीय, येत्या अमावास्येच्या ओहोटीला. वही मी धरणार आहे.