धुरेवरचे ओझे

गेल्या गळीत हंगामात आमच्या पुतण्याने नवे पिकअप घेतले. जांब्यातल्या आमच्या अंगणात त्याची यथासांग पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडले गेले, आणि मग पुतण्याने गाडीच्या अश्वशक्तीचे जे वर्णन केले ते ऐकून, तीस वर्षे वीररस शिकवलेल्या आम्हांसही नवा पाठ मिळाल्यासारखे वाटले. ‘काका, हिच्या मागं डोंगर बांधा, ओढंल,’ असे त्याचे भरतवाक्य होते. बांधकामाचे साहित्य पोचवण्याचा त्याचा धंदा. मिक्सर ओढून नेता यावा म्हणून त्याने मागे वेल्डिंगवाल्याकडून एक भक्कम हूकही बसवून घेतला होता.

आमच्या गावाची स्थिती सध्या मोठी चमत्कारिक आहे. रात्री एका अंगाला हिंजवडीच्या इमारतींचे दिवे दिसतात आणि दुसऱ्या अंगाला, अजून प्लॉट न पडलेल्या वावरांत, ऊस उभा असतो. तो कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखान्यास जातो. तोडणीस येणारी टोळी बीड जिल्ह्यातली. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून ती माणसे येतात, आणि माणसांबरोबर घरही येते: कोपीचे बांबू, ताडपत्री, पत्रे, बाजरीची पोती, चूल, हंडे, डालग्याखाली कोंबड्या. अमेरिकेतली हौशी मंडळी पिकअपमागे फिरते घर जोडून सहलीस निघतात. आपल्या राज्यानेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. परंतु घर गाडीमागे जोडून वर्षातले पाच-सहा महिने रस्त्यावर आणि परमुलखात काढणारी लाखो माणसे आपल्याकडे कितीतरी आधीपासून आहेत. त्यांच्या हाती सहलीचे माहितीपत्रक नसून मुकादमाकडून घेतलेली उचल असते, एवढाच काय तो फरक.

तर झाले असे की टोळीचा जांब्यातला फड संपला, पुढचा मावळात होता, आणि नेमक्या त्या दिवशी ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेला. मुकादम हात जोडून दारात आला. पुतण्या म्हणाला, ‘आपली गाडी हाये की.’ शेतीची ट्रॉली पिकअपला जोडणे, तीत माणसे बसवणे, यांपैकी काहीच कायद्याला मंजूर नाही, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही ते बोललो नाही. उलट उपकार करणाऱ्याच्या शेजारच्या आसनावर हौसेने जाऊन बसलो.

दोनचाकी ट्रॉली भरली गेली ती घाईत. हलके सामान आधी हाती आले म्हणून ते पुढे, आणि बाजरी, सरपण, लोखंडी पाट्या अखेरीस म्हणून मागे. टोळीतली एक बाई, वय तिशीच्या आतबाहेर, ट्रॉलीभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, ‘दादा, गाडी उलाळ झालीया. बाजरी म्होरं घ्या.’

‘उलाळ’ हा शब्द आम्ही कोशात अनेकदा पाहिला होता. ओझे मागे जाऊन गाडी मागल्या बाजूला कलते आणि जू वर उचलले जाते ती अवस्था. विद्यार्थ्यांना तो लुप्तप्राय शब्दांच्या यादीत सांगितलाही होता. कोणाला त्याची गरज पडलेली मात्र त्या दिवशी प्रथमच पाहिली. तरीही आमच्या मनात आले ते हेच की, वा, काय शब्द आहे! ती काय सांगते आहे, हे मनात आले नाही. पुतण्या हसला. बाई काही न बोलता मुलांना खाली उतरवून पायी चालू लागली. तिचे पाहून बाकीचेही उतरले.

चढावर गाडीने खरोखरच डोंगर ओढावा तशी ट्रॉली ओढली. पुतण्याने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिले. पुढे रस्ता ओढ्याकडे उतरतो. तेथे पहिल्याने स्टिअरिंग हलके झाले, मग मागून शेपूट हलवल्यासारखा हिसका, मग दुसरा, अधिक मोठा. पुतण्याने ब्रेक दाबला आणि त्या क्षणी ओढणारा आणि ओढला जाणारा यांची अदलाबदल झाली. ट्रॉलीने पिकअपला ढकलले, आडवे केले, आणि दोघे मिळून बांधाला टेकले. एक हंडा घरंगळत ओढ्यापर्यंत गेला. त्याचा आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघेही श्वास धरून बसलो होतो.

कोणाला काही लागले नाही. लागले नाही, कारण ट्रॉलीत कोणी नव्हते.

टेक्सासला असलेल्या दुसऱ्या पुतण्यास हे कळले तेव्हा त्याने फोनवर गतिशास्त्र समजावले. मागे जोडलेल्या गाडीचे वजन चाकांच्या किंचित पुढे हवे, म्हणजे दहा-पंधरा टक्के भार हुकावर येतो. तो न आला तर हूक वर उचलला जाऊन ओढणाऱ्या गाडीच्या मागल्या चाकांची पकड सुटते, आणि शेपूट हलू लागते. त्याचे स्वतःचे फिरते घर बारा हजार पौंडांचे, म्हणजे सुमारे साडेपाच टन. ते बंपरला न अडकवता पिकअपच्या हौद्यात, मागल्या आसाच्या वर बसवलेल्या जोडणीत टेकवतात. तिला ‘पाचवे चाक’ म्हणतात. शब्द घोडागाडीच्या काळचा: चार चाके धावण्यासाठी, आणि पुढचा आस वळावा म्हणून त्यावर आडवे ठेवलेले पाचवे. महामार्गावरचे कंटेनर याच जोडणीने ओढले जातात. या रीतीत वजनाचा पाचवा हिस्सा, त्याच्या बाबतीत अकराशे किलो, थेट पिकअपच्या पाठीवर येतो. कंपनी ओढण्याचा आकडा मोठ्या अक्षरांत छापते. पाठीवर किती सोसेल तो आकडा दाराच्या चौकटीवर बारीक अक्षरांत असतो, आणि पुष्कळदा तोच आधी संपतो. शिवाय त्याच्या घराला स्वतःचे ब्रेक आहेत, चालकाच्या हाताशी त्यांचे नियंत्रण आहे. आमच्या ट्रॉलीला ब्रेकच नव्हते.

दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात ते दृश्य आम्ही लहानपणापासून भक्तिभावाने पाहिले आहे. चढाचे कौतुक आपल्याकडे सर्वांस. उतारावर ओझे कोण धरते, हे पाहण्यास आम्ही कधी थांबलो नाही. ‘समाजधुरीण’, ‘धुरंधर’, ‘संस्थेची धुरा’ हे शब्द गौरवग्रंथांतून आम्ही इतक्या वेळा वापरले आहेत की त्यांत एक लाकूड आहे, लाकडाखाली मान आहे, आणि मानेवर नेमका किती भार यावा याचा एक हिशेब आहे, हे विसरूनच गेलो होतो. तो हिशेब त्या बाईला एका फेरीत दिसला होता.

संध्याकाळी दुसरा ट्रॅक्टर आला. पुतण्या स्वतः ओढ्यात उतरून हंडा घेऊन आला; त्याला पोचा पडला होता. बाईने तो उलटासुलटा करून पाहिला आणि ठेवून दिला. या वेळी भरणी तिच्या सांगण्यावरून झाली. बाजरीची पोती पुढे, सरपण आसावर, पत्रे मागे. आम्हीही एक पोते धरू लागलो, तर ‘ऱ्हाऊ द्या गुरुजी’ म्हणून तिने ते हातातून काढून घेतले. जोडणीत पिन पडली. पिनीच्या भोकात तिने तारेचा वेढा घातला, दोनदा हिसडून पाहिला, आणि मग मुलांना एकेक करून वर चढवले.